बावखलाच्या उघड्या पायऱ्या

२ फेब्रुवारी १९८१, सोमवार

आज फळ्यावर लिहिलं — "सवय म्हणजे विचार न करण्याची सोय." वाक्य माझं! कुठूनही उतरवलेलं नाही. आळीच्या वाचनालयाबाहेरचा फळा चार वर्षं कोरडा पडला होता, तो मी मागून घेतला. रोज एक सुविचार, सुवाच्य अक्षरात. निदान येता-जाता तरी माणसं वाचतील!

संध्याकाळी फळ्यापुढे चक्क गर्दी. मला भरून आलं. जवळ जाऊन पाहते तो माझ्या वाक्याखाली कोणीतरी लिहिलेलं — "उद्या पाववाला येनार नाय." सगळे ते वाचत होते.

ज्युलियसकाका म्हणतात, "पॉलिन, आज पैल्यांदा तुज्या फळ्यावर कामाचं काय तरी लिवलंय गो!"

हसले सगळे. हसा!

५ फेब्रुवारी, गुरुवार

बाबांचा दिवस असा — उठणं, क्रूसाची खूण करणं, वाडीला पाणी पुरवणाऱ्या बावखलावर जाणं, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांपैकी उघड्या किती पडल्या ते मोजणं. मग घरात येऊन घोषणा — "आठ." आई चुलीपुढून म्हणते, "आठच?" बाबा म्हणतात, "आठच." काल आठ होत्या. परवा आठ होत्या. एका रात्रीत पाणी कोण पिणार आहे! पण मोजायचं. आजोबा मोजायचे म्हणून बाबा मोजतात. केळीची वाडी असलेले सगळे पुरुष हेच करतात, आणि मग चर्चच्या पायऱ्यांवर भेटले की एकमेकांना आपापले आकडे सांगतात. जणू परीक्षेचे मार्क!

मी म्हटलं, "बाबा, रोज मोजून पाणी वाढतं का?"

"नाय."

"मग?"

"तुज्या पुस्तकांत पायऱ्या नसत्यात काय?" एवढं बोलून सुपारी कातरायला बसले. वाद घालायलासुद्धा शिक्षण लागतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आलोशियस मास्तरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. दोन-तीन महिने लिहिणं-वाचणं बंद. त्यामुळे आळीतल्या बायकांच्या पत्रांचं काम माझ्याकडे आलं. मला आनंदच झाला. इतकी वर्षं मास्तर नुसते उतरवून घेत आले. बाई बोलली, मास्तरांनी लिहिलं. नकलनवीस! शिकलेल्या माणसाने चार पावलं पुढे चालून दाखवायला नको?

आज पहिली आली ती शेजारची मटिल्डावहिनी. तिचा नवरा ॲन्सेल्मभाऊ दोन वर्षांपासून बहरीनला आहे, बांधकामावर. दोघांनाही अक्षरओळख नाही. तिकडे त्याची पत्रं त्याच्या खोलीतला व्हॅलेरियन वाचून दाखवतो आणि तोच लिहितो. व्हॅलेरियनही आमच्याच आळीचा, थेरेसाचा नवरा.

मी एरोग्राम उघडला, पेन घेतलं. वहिनी पदराने हात पुसत सांगू लागली —

"लिव. पायऱ्या नऊ उघड्या पडल्या. गोठ्याचं एक कौल गेलं. पांढरी कोंबडी अंड्यावर बसली. तुजा निळा सदरा उंदरानं खाल्ला, पन बाहीच खाल्ली. पानी नऊवर हाय, ते लिवलंस ना?"

हे पत्र की पंचनामा! दोन वर्षं नवरा परमुलखात, आणि बायको त्याला कळवते काय — उंदराने बाही खाल्ली!

मी लिहिलं — "आपण परमुलखात कर्तव्याच्या वेदीवर घाम गाळीत आहात याचा मला अभिमान वाटतो. येथील सर्व क्षेमकुशल आहे. माझी काळजी नसावी. मी खंबीर आहे." वाचून दाखवलं. वहिनी तोंड उघडं ठेवून ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "छान हाय. पन पायऱ्या?"

"अगं, 'सर्व क्षेमकुशल' म्हटलं की त्यात पायऱ्या आल्या, कोंबडीही आली."

"सगळं आलं त्यात?"

"सगळं."

बिचारीने एरोग्रामवर हात फिरवला. म्हणाली, "अक्षर किती सुंदर हाय गो तुजं. मोत्यासारखं."

११ फेब्रुवारी

"भाषा सुधारली की माणूस सुधारतो." आजचा फळा.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आईने माझा पदवीचा फोटो येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी टांगलाय. मी नको म्हटलं होतं. आता येणारा प्रत्येक जण आधी तसबिरीला नमस्कार करतो, मग माझ्याकडे बघून विचारतो, "पगार किती मिळनार?" विषय कोणते होते, एकही विचारत नाही!

ज्युलियसकाका म्हणाले, "ह्यो काळा झगा तुजा?"

"नाही, फोटोवाल्याचा. भाड्याने घेतला होता."

"म्हंजे झगा परत दिलास. पदवी तरी ठेवून घेतलीस ना?"

बाबासुद्धा हसले. ज्यांच्या घराण्यात आजवर कोणी सातवीच्या पुढे गेलं नाही, त्यांनी हसावं!

एक विचार सुचला — अडाणी माणसाला शिकलेल्याची भीती वाटते, म्हणून तो थट्टा करतो. फळ्यावर लिहिणार होते. नको. खाली काय लिहितील सांगता येत नाही.

२ मार्च, सोमवार

बहरीनचं उत्तर आलं! वहिनी धावत घेऊन आली. व्हॅलेरियनच्या गिचमिड अक्षरात — "तुजे पत्र पोचले. खोलीत सर्वांनी ऐकले. व्हॅलेरियनने दोनदा वाचले. सर्व बोलले, तुजी बायको हुशार. मला बरे वाटले."

बघा! एका खोलीतली आठ माणसं, दिवसभर सिमेंट कालवून आलेली, माझी भाषा दोनदा ऐकतात. हेच ते! चांगली भाषा कानावर पडली की ती कोणालाही आवडते. फक्त पाडणारा पाहिजे.

वहिनीने पत्र माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट पाहिलं. "पायऱ्यांवर काय नाय बोलला?"

"वहिनी, तुझ्या डोक्यात पायऱ्यांशिवाय काही आहे का?"

"नाय, दर खेपेला इचारतो. मास्तर लिवायचे तवा इचारायचा."

म्हणजे मास्तरांनी दोन वर्षं त्याला हेच शिकवलं! आता कुठे तो माणूस दुसरं काही बोलला, तर हिला चुकल्यासारखं वाटतंय.

४ मार्च, राखेचा बुधवार

कपाळावर राख घेऊन सगळी आळी आज गंभीर. प्रायश्चित्तकाळासाठी कोणी मटण सोडलं, कोणी ताडी. थेरेसाने चहातली साखर सोडली आणि तसं ती चार घरी सांगून आली. चुगल्या मात्र कोणीच सोडत नाही. ज्याने आपलं काही जात नाही ते सोडायचं, ही यांची तपश्चर्या!

मी काय सोडावं? विचार केला. रागावणं सोडते.

५ मार्च

जमलं नाही. ज्युलियसकाकांनी फळ्याच्या खिळ्याला छत्री टांगली होती.

१० मार्च, मंगळवार

वहिनीचं दुसरं पत्र. "धा उघड्या पडल्या. अकरावी दिसते पान्यात. केळीचे दोन लोंगर बारीक पडले." मी म्हटलं, "अजून काही सांग. मनातलं सांग."

तिने माझ्याकडे पाहिलं. "हेच मनातलं."

मन इतकं उथळ कसं असतं माणसाचं! तिला म्हटलं, बरं, मी नीट लिहिते. स्त्री अबला नाही, संसाराचं एक चाक ती समर्थपणे ओढू शकते, आपण निश्चिंत असावे — असं लिहिलं. शेवटी लिहिलं, "विरह हा प्रेमाची परीक्षा आहे." जागा उरली नाही, नाहीतर लोंगरांचं टाकणार होते. खरंच टाकणार होते.

२२ मार्च, रविवार

चर्चमधली मिस्सा सुटल्यावर आलोशियस मास्तरांना भेटायला गेले. डोळ्यावर हिरवी पट्टी, अंगणात खुर्ची. वर्तमानपत्र मांडीवर उघडून बसलेले — वाचता येत नाही तरी! सवय! मी म्हटलं, मी बायकांची पत्रं लिहिते आता. त्यांना सांगायचं होतं की बहरीनला दोनदा वाचलं गेलं.

मास्तर म्हणाले, "मटिल्डाचं लिहितेस?"

"हो."

"ती बोलेल तेच लिही हं. पुढचं-मागचं नको."

"पण मास्तर, ती काय बोलते? कोंबडी, कौल."

मास्तर हसले. "मी पंचवीस वर्षं कोंबडीच लिहिली बेटा."

पंचवीस वर्षं! आणि हसून सांगतात!

४ एप्रिल, शनिवार

फार वाईट दिवस. घरात पाहुणे, आईचं डोकं दुखतंय, आणि विरारच्या एका शाळेतून बोलावणं आलंय — पंधरा तारखेला मुलाखत, मुलांसमोर एक पाठ घेऊन दाखवायचा. तयारी शून्य. नेमकी अशा वेळी वहिनी उंबऱ्यात.

"बारा झाल्या. पंप चिखल वढतो. एवढंच लिव. बाकी काय नाय लिवलंस तरी चालेल."

चेहरा काळवंडलेला. मी म्हटलं, "अगं, पवित्र आठवड्यात पोचणारं पत्र, आणि त्यात चिखल? पास्काच्या शुभेच्छा नकोत?"

"त्या पन लिव. पन बारा लिव आदी."

लिहिलं. ख्रिस्ताने सोसलं, आपण दोघंही सोसू या. त्यागाशिवाय पुनरुत्थान नाही. आपण माझी यत्किंचितही काळजी न करता कामावर लक्ष द्यावे, येथे सर्व क्षेमकुशल. ठासून वाचून दाखवलं. वहिनीने मान हलवली. आज तिने 'पायऱ्या?' असं विचारलं नाही. तिला वाटलं असेल, एवढ्या मोठ्या पत्रात बारा कुठेतरी आले असतील. शुद्ध मराठी तिला अर्धीच कळते.

मीही सांगितलं नाही.

१५ एप्रिल, बुधवार

मुलाखत झाली! पाठ घेतला — पत्रलेखन! मायना, मजकूर, समारोप. मुख्याध्यापक म्हणाले, "भाषा अतिशय शुद्ध. अक्षर तर आदर्श." जूनपासून नेमणूक जवळजवळ नक्की. एसटीत उभं राहून आले, पण पाय दुखले नाहीत.

१९ एप्रिल, पास्काचा रविवार

मिस्सा संपल्यावर थेरेसा मटिल्डावहिनीला गाठून काहीतरी सांगत होती आणि खिदळत होती. वहिनी हसली नाही. माझ्याकडे पाहिलं तिने. मी हात केला, "हॅपी ईस्टर!" तिने हात केला नाही. उन्हामुळे दिसलं नसेल.

२५ एप्रिल, शनिवार

जसं घडलं तसं लिहिते.

दुपारी वहिनी आली. पत्र हातात, बंद. बसली नाही. म्हणाली, "वाच."

मी उघडलं. व्हॅलेरियनचं अक्षर —

"तुजे पास्काचे पत्र मिळाले. व्हॅलेरियनने वाचले. खोलीत दोन माणसे रडली. तू बोललीस काळजी करू नका. तीन पत्रांत पायऱ्या लिहिल्या नाहीत म्हणजे पाणी भरपूर आहे. मी जाताना बोललो होतो, बारावी उघडी पडली तर एकटीला वाडी ओढणार नाही, मी इकडे कागदावर परत सही करणार नाही, येतो. मी रोज वाट बघत होतो तू बारा बोलशील. तू बोललीस त्याग. मुकादम कागद घेऊन आला तेव्हा मी अंगठा दिला. आता दोन वर्षे."

एवढं मी डोळ्यांनी वाचलं. तोंडाने काय वाचलं? तोंडाने वाचलं — "पत्र मिळालं. सर्वांना आवडलं. कंपनीने अजून दोन वर्षांचा करार केला. मी बरा आहे."

हे मी केलं. सत्य हेच शिक्षणाचं फळ, असं जानेवारीत याच वहीत लिहिणाऱ्या मुलीने.

वहिनी उभीच. "दोन वर्सं?"

"हो."

"बावखलाचं काय बोलला काय?"

"नाही."

"कायच नाय?"

"नाही वहिनी."

तिने हात पुढे केला. मी पत्र दिलं. तिने घडी केली, चोळीत ठेवलं, गेली.

२६ एप्रिल, रविवार

पापनिवेदनाच्या रांगेत उभी राहिले. तीन माणसं पुढे उरली तेव्हा निघून आले. फादरना सांगणं सोपं आहे. म्हणून निघून आले.

बाबा सकाळी म्हणाले, "बारा." आई म्हणाली, "बारा!" पंपाचं तोंड वर काढून ठेवलं त्यांनी. मी पहिल्यांदा विचारलं, बारा झाल्या की काय होतं? बाबांना नवल वाटलं. म्हणाले, "खांद्यावर पानी. दोगं असले तर वाडी वाचते. एकटा असला तर अर्धी वाचते." इतकंच. मला बावीस वर्षं झाली या घरात.

२८ एप्रिल, मंगळवार

पहाटे तिच्या वाडीत गेले. ती बावखलातून वर येत होती, दोन्ही हातांत तेलाचे पत्र्याचे डबे. खाली उतरणं, भरणं, बारा पायऱ्या चढणं, केळीच्या बुंध्याशी ओतणं. पुन्हा खाली. साडी गुडघ्याच्या वर कसलेली. मी काठावर उभी, पायात चपला.

म्हटलं, "वहिनी, पायऱ्या मी लिहिल्याच नव्हत्या. एकाही पत्रात."

तिने डबे खाली ठेवले नाहीत. "म्हायत हाय."

"कसं?"

"थेरेसाला व्हॅलेरियननं लिवलं. मटिल्डाकडून शिक, कसं लिवायचं. काळजी नसावी, मी खंबीर हाय. पास्काला सगळ्यांम्होरं बोलून दाखवलंन. मी म्हटलं, मी असं कवा बोलले?" ती पाणी ओतून आली. "मग मी थांबले. त्याचं पत्र येऊ दे म्हटलं."

"मग मला का वाचायला दिलंस? तुला कळलं होतं तर?"

"बघायचं होतं."

"काय?"

"तू काय वाचतेस ते."

मी उतरून एक डबा उचलला. आठव्या पायरीवर निम्मं पाणी माझ्याच अंगावर. ती मागून आली आणि डबा माझ्या हातातून घेतला. रागाने नाही. एखाद्या लहान पोरीच्या हातातून कोयता काढून घ्यावा तसा.

"ऱ्हाऊ दे. हात सोलतील. जूनला शाळेत जायचंय ना तुला?"

२९ एप्रिल

फळा पुसला. दिवसभर कोरा ठेवला. ज्युलियसकाका म्हणाले, "आज फळा आजारी?" खाली कोणी काही लिहिलं नाही.

१ मे, शुक्रवार

ॲन्सेल्मभाऊंना स्वतः पत्र लिहायला बसले. "मी, पॉलिन, आपली अपराधी आहे. अज्ञानाच्या अहंकारात —" फाडलं. दुसरं — "सत्य हे कितीही कटू असले तरी —" फाडलं. एका ओळीचं काम आहे. बारा उघड्या पडल्या होत्या, पॉलिनने लिहिलं नाही. ही ओळ माझ्या हातून येत नाही! बी.ए.!

फेब्रुवारीतलं पान काढलं. "सवय म्हणजे विचार न करण्याची सोय." त्यावर काट मारली. रोज चार वाजता उठून पाणी मोजणाऱ्या माणसाने दुसऱ्या कुठल्या गोष्टीचा इतका विचार केला असेल? आणि 'क्षेमकुशल'! दहा वेळा लिहिला असेल हा शब्द. एकदाही त्याच्या आत डोकावले नाही. आत काहीच नाही. कौल नाही, कोंबडी नाही, पाणी नाही.

२ मे, शनिवार

शेवटी लिहिली ती ओळ. फक्त ती ओळ. 'पानी' असंच लिहिलं. वहिनीला विचारायला गेले, पाठवू का? ती म्हणाली, "तुजं तू पाठव. माजं मी पाठवते."

तिचं ती कसं पाठवणार? मास्तरांच्या डोळ्यांवर अजून पट्टी आहे. विचारायची हिंमत झाली नाही.

माझं पत्र पोस्टात टाकलं.

६ मे, बुधवार

वहिनी आली. एरोग्राम नव्हता, जाड लिफाफा होता, वसईच्या पोस्टातून आणलेला. खळीने चिकटवलेला. म्हणाली, "लिवायचं काय नाय. पत्ता तेवढा टाक. इंग्रजीत लागतो."

लिफाफा हातात घेतला. आत कागद नव्हता. बोटांना लागला तो केळीच्या वाळक्या सोपटाचा दोरा, गुंडाळलेला, गाठी मारलेला. मी मोजू नये म्हणत होते. मोजल्या. तेरा.

पत्ता लिहिला. अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं.